नाचणारे पंधरा, बघणारे पंधरा

न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा सामन्याआधीचा नाच आता रग्बीतलं ओ की ठो न कळणाऱ्यांनीही मोबाइलवर पाहिलेला असतो. शेअर रिक्षात ज्यांच्या शेजारी तिसरा माणूस बसूच शकणार नाही असे पंधरा गडी काळ्या कपड्यांत उभे राहतात. एक जण पुढे येऊन आरोळी ठोकतो. मग सगळे गुडघ्यांत वाकतात, मांड्या बडवतात, छातीवर थापा मारतात, डोळे वटारतात, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढतात आणि माओरी भाषेत असं काही गर्जतात की हातातला मोबाइलसुद्धा जरा लांब धरावासा वाटतो. याला हाका म्हणतात.

सगळे कॅमेरे या पंधरांवर असतात. माझं लक्ष मात्र समोरच्या पंधरांकडे जातं, कारण त्यांना त्या दीड मिनिटात काहीही काम नसतं. नाचणाऱ्याला काय करायचं ते पाठ असतं. बघणाऱ्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. हात मागे बांधावेत तर मास्तरांनी उभं केल्यासारखं दिसतं, पुढे बांधावेत तर शोकसभेला आल्यासारखं. हसावं तर अपमान होतो, गंभीर राहावं तर घाबरला म्हणतात. दुसरीकडे बघावं तर उद्या वर्तमानपत्रात फोटो येतो. म्हणून बहुतेक संघ एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओळीने उभे राहतात. त्याला ते एकजूट म्हणतात. मला वाटतं, तेवढाच हातांचा प्रश्न सुटतो.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या माणसाला हा प्रसंग नवा नाही. आमच्याकडे बारा महिने कुणी ना कुणी समोर येऊन नाचत असतं आणि आपण भाजीची पिशवी घेऊन रस्ता मोकळा व्हायची वाट बघत असतो. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, दहीहंडी, गणपतीचं आगमन, गणपतीचं विसर्जन, नवरात्र, दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड, हळदी, वराती, उमेदवारी अर्ज भरणं, भरलेला अर्ज मागे घेणं, या सगळ्याला ढोल लागतो. तेव्हा दुसऱ्याच्या आवेशासमोर तोंड कसं ठेवावं या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आमचाही आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी हाका दाखवला. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी तो पूर्ण पाहिला, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "आणि हे खेळणार कधी?"

काकांना मी सांगितलं की हा नाच मुळात कुणाला घाबरवायला रचलेलाच नव्हता. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या या संघाचा, सगळ्यांत जुना आणि प्रसिद्ध हाका म्हणजे 'का माते'. तो रचला ते राउपराहा नावाच्या माओरी सरदाराने, १८२० च्या आसपास. कथा अशी सांगतात की शत्रू मागे लागले म्हणून हा सरदार रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला आणि त्या खड्ड्याच्या तोंडावर एक बाई बसून राहिली. शत्रू निघून गेले. सरदार वर आला, समोर ऊन होतं, आपण जिवंत आहोत हे त्याला कळलं आणि त्या आनंदात त्याने हे रचलं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं जगातले बलदंड संघ ज्याच्यापुढे कसं उभं राहावं या चिंतेत आहेत, तो रताळ्यांच्या खड्ड्यातून सुखरूप बाहेर आलेल्या माणसाचा आनंद आहे.

या न्यायाने का मातेवर पहिला हक्क डोंबिवलीला सकाळची फास्ट पकडून दादरला उतरलेल्या माणसाचा आहे. अंधार, कोंडमारा, अंगावर कुणीतरी बसलेलं, जगू की मरू ही धाकधूक, आणि मग एकदम उजेड! फक्त दादरच्या फलाटावर मांडी बडवायला गेलं तर ती दुसऱ्याची निघते, म्हणून आपल्याकडे ही कला वाढली नाही.

तर आता समोरच्यांकडे वळू.

हाकाला पहिलं गाजलेलं उत्तर मिळालं १६ डिसेंबर १९०५ रोजी, वेल्समध्ये कार्डिफला. न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर होता आणि समोर येईल त्याला तुडवत चालला होता. हाका झाला. त्यावर वेल्सच्या खेळाडूंनी आपलं राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली आणि हजारो प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची पद्धत तिथून सुरू झाली असं म्हणतात. वेल्सने सामना ३-० असा जिंकला. दौऱ्यातल्या पस्तीस सामन्यांपैकी न्यूझीलंडने हरलेला हा एकच. त्यातही न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता की नव्हता, हा वाद अजून चालू आहे. खेळणारे सगळे गेले, बघणारे सगळे गेले, वाद ठणठणीत आहे.

आवाजाला आवाजाने उत्तर देणं माणसाला सगळ्यांत आधी सुचतं. आमच्याकडे तर सुचावंही लागत नाही. एका मंडळाचं ढोलपथक चौकात उभं राहिलं की समोरून दुसरं येतंच. मग आधी कोण थांबणार, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर बहुधा पोलीस देतात. रग्बीत हा प्रयोग २००३ च्या विश्वचषकात टोंगाने करून पाहिला. टोंगाचा स्वतःचा युद्धनाच आहे. न्यूझीलंडचा हाका संपायची वाट न बघता त्यांनी आपलाही सुरू करून दिला. तीस धिप्पाड माणसं एकाच वेळी एकमेकांवर ओरडत होती, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. न्यूझीलंडने सामना ९१-७ असा जिंकला. त्या सातांत नाचाचा वाटा किती, ते टोंगालाच ठाऊक.

ठाण्याने मात्र या बाबतीत जगाला एक वेगळंच उत्तर दिलं आहे. वेल्सच्या लोकांनी गाणं म्हटलं, टोंगाने नाच केला, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. उत्सवांतल्या मंडपांविरुद्ध आणि आवाजाविरुद्ध त्यांनी दिलेली ही झुंज अनेक वर्षं चालली आणि २०१६ साली न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाचे नियम काटेकोरपणे पाळण्याबद्दल सविस्तर निकाल दिला. कान दुखतो म्हणून कुरकुरणारे लाखो असतात, कान दुखतो म्हणून वकिलाकडे जाणारा एखादाच. हाकाविरुद्ध अजून कुणी याचिका केलेली नाही. इंग्लंडच्या जो मार्लरने २०२४ साली हा नाच बंदच करा असं समाजमाध्यमावर लिहून टाकलं, पण न्यूझीलंडमधून इतका गदारोळ झाला की त्याला माफी मागावी लागली. त्याने आधी ठाण्यात चौकशी करायला हवी होती.

दुसरं उत्तर म्हणजे चालून जाणं. १९८९ साली डब्लिनला आयर्लंडचा कप्तान विली अँडरसन आपल्या खेळाडूंना हातात हात गुंफून एकेक पाऊल पुढे नेत गेला, ते थेट न्यूझीलंडचा कप्तान बक शेलफोर्डच्या नाकाला नाक लागेपर्यंत. आणि समोरचा शेलफोर्ड म्हणजे साधा माणूस नव्हे. १९७३ चं चित्रीकरण पाहा, तेव्हाचा हाका अगदी केविलवाणा आहे. कुणी मांडी मारतोय, कुणी उडी मारून मोकळा झालाय, कुणी शेजाऱ्याकडे बघून हात हलवतोय. १९८७ च्या सुमारास शेलफोर्ड आणि हिका रीड यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की करायचा तर नीट शिकून करा, नाहीतर करू नका. आजचा हाका हा त्या तालमीचा परिणाम आहे. त्यामुळे ज्याने नाच बसवला त्याच्याच नाकाशी अँडरसन येऊन उभा राहिला होता. आयर्लंड ६-२३ असं हरलं, पण ते दृश्य लोक अजून काढून बघतात. १९९७ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड कॉकरिलनेही नॉर्म ह्युइटच्या तोंडाला तोंड भिडवून पाहिलं. इंग्लंडही हरलं.

मग नियम आले. हाका चालू असताना समोरच्यांनी मध्यरेषा ओलांडायची नाही. दोन्ही संघांनी रेषेपासून दहा-दहा मीटर मागे राहायचं. मधे वीस मीटर मोकळी जागा! कल्याण स्टेशनाबाहेर अशी जागा दाखवणाऱ्याला मी माझा पास देईन.

हा दहा मीटरचा नियम वाचल्यावर मला पहिली आठवली ती कबड्डी. पुरुषांचं कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब असतं. मधली रेषा ओढली की प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा मीटर येतात. तिथे दहा मीटर मागे जा म्हटलं तर बचाव करणारे सातही जण प्रेक्षकांतून पार होऊन वडापावच्या गाडीशी जाऊन उभे राहतील. आणि कबड्डीत तर दर अर्ध्या मिनिटाला हाका असतो. चढाई करणारा रेषेला हात लावून कपाळाला लावतो, मांडीवर थाप मारतो, समोरच्या सातांना डोळ्यांनीच खुणावतो आणि तोंडाने आपला जप सुरू करतो. पुन्हा हा जप हौसेचा नाही, सक्तीचा आहे. एका दमात, स्पष्ट, पंचांना ऐकू येईल असा. दम तुटला की गेलास. हाकालाही हा नियम लावला, सगळा एका दमात म्हणायचा असं ठरवलं, तर पहिल्या फळीतले दोन वजनदार गडी चेंडू दिसायच्या आधीच बाकावर जाऊन बसतील.

पण मला सांगायचंय ते बचाव करणाऱ्या सातांबद्दल. डोंबिवली-कल्याणच्या आसपासच्या गावांत रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने होतात, तिथे जाऊन समोरच्यांकडे बघा. चढाईवाला गरजत येतो तेव्हा हे सात जण गरजत नाहीत. ते हाताची साखळी करतात आणि चक्क मागे सरकतात. तो डावीकडे झेपावला की हे उजवीकडे वाहतात. तो मांडी ठोकतो, हे त्याच्या घोट्याकडे बघतात. त्याला तीस सेकंद आहेत, त्यातली वीस त्याला ओरडू देतात. मग कोपऱ्यातला एखादा किडकिडीत पोरगा, ज्याच्याकडे आतापर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं, एकदम खाली बसून घोटा धरतो आणि उरलेले सहा जण वर येऊन पडतात. फ्रान्स, इंग्लंड, आयर्लंड, सगळे हाकाच्या अंगावर चालून गेले. हाका चालू असताना हळूहळू मागे जावं आणि नाचणाऱ्याला आपल्या अंगणात येऊ द्यावं, हे एकाही गोऱ्या कप्तानाला सुचलं नाही. कबड्डी शिकलेला कप्तान असता तर त्याने समोरच्याच्या डोळ्यांऐवजी पायांकडे पाहिलं असतं.

चालून जाण्याचा प्रकार सोडला तरी भांडायला विषय कमी पडत नाहीत. २००६ मध्ये कार्डिफला जे झालं ते आपल्याकडच्या लग्नांतल्या कुठल्याही जाणकार आत्याला लगेच कळेल. प्रश्न होता, शेवटचा मान कुणाचा? न्यूझीलंडचं म्हणणं, राष्ट्रगीतं आधी, मग आमचा हाका आणि मग लगेच खेळ. वेल्सचं म्हणणं, १९०५ साली आधी हाका आणि मग आमचं गीत झालं होतं, तसंच पुन्हा करा. आदल्या वर्षी, त्या सामन्याला शंभर वर्षं झाली म्हणून, न्यूझीलंडने एकदा ते ऐकलं होतं. झालं! गेल्या वर्षी केलंत, मग यंदा काय बिघडलं, असा मुद्दा निघाला. गेल्या वर्षी केलं ते कौतुकाने, त्याची रीत पाडू नका, असं उत्तर गेलं. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी बरोबर होत्या, आणि मानपानात दोन्ही बाजू बरोबर असल्या की जेवणं थांबतात. न्यूझीलंडचे खेळाडू रुसले. त्यांनी हाका मैदानावर केलाच नाही. कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून, एकमेकांसमोर केला. रुसवा कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून खोलीत कॅमेरा तेवढा येऊ दिला. बाहेर हजारो लोक तिकिटं काढून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. मग बाहेर येऊन न्यूझीलंडने वेल्सला ४५-१० असं हरवलं. वरपक्ष रुसून खोलीत बसला की खर्च वधूपक्षालाच पडतो.

वेल्सने याची परतफेड २००८ मध्ये केली. वेल्सचा प्रशिक्षक तेव्हा वॉरन गॅटलंड, म्हणजे न्यूझीलंडचाच माणूस, घरचा भेदी. हाका संपला तरी वेल्सचे खेळाडू हलले नाहीत. ते हलत नाहीत म्हणून न्यूझीलंडचेही हलले नाहीत. दोन ओळी एकमेकींकडे बघत उभ्या. पंच जोनाथन कॅप्लन या बाजूला सांगतो, त्या बाजूला सांगतो, कुणी ऐकत नाही. डोंबिवलीतल्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्यावर जे होतं तेच, फक्त इथे मागून हॉर्न वाजत नव्हते. अखेर न्यूझीलंडने आधी पाठ फिरवली. प्रेक्षागृह आनंदाने वेडं झालं. वेल्स सामना ९-२९ असा हरलं.

त्याच आठवड्यात आयर्लंडमधल्या मन्स्टर या प्रांतिक संघाने याहून सुंदर उत्तर दिलं होतं. त्या संघात न्यूझीलंडहून आलेले चार खेळाडू होते. ते चौघे पुढे आले आणि त्यांनी आपल्याच देशबांधवांसमोर हाका केला. नोकरीसाठी गाव सोडून आलेल्याने इथल्या मंडळाचा झेंडा धरावा आणि मग समोरून गावचीच माणसं यावीत, असा तो प्रसंग. मन्स्टर फक्त दोन गुणांनी हरलं, १६-१८.

ठाण्यात हाकाच्या सगळ्यांत जवळचं काही असेल तर ती दहीहंडीची सलामी. मुंबईतल्या जोगेश्वरीहून, माझगावहून पथकं ट्रक भरून येतात, नंबर लावतात, आणि आपली पाळी आली की हंडीखाली थर लावून सलामी देतात. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले होते. उंची १३.३४ मीटर, गिनीजमध्ये नोंद. २०२५ मध्ये वर्तकनगरात कोकणनगर पथकाने दहा थर लावले. हे सगळे वर बघत असतात तेव्हा मी पुन्हा बाजूला बघतो. पुढच्या नंबरावर थांबलेलं पथक तिथेच ट्रकच्या कडेला उभं असतं. ओले टी-शर्ट, कमरेला पट्टे, हातात पाण्याची बाटली. समोर आपला विक्रम मोडला जातोय. त्यांच्या ओठांकडे पाहा, ते थर मोजत असतात. सहा, सात, आठ. वर चढणारं पोर डगमगलं की त्यांचेही खांदे आपोआप ताठ होतात, कारण तळाच्या थरात उभं राहिल्यावर खांद्यांवर काय येतं ते त्यांनाच माहीत असतं. वरच्या पोराने हात उंचावला की टाळ्या वाजवणाऱ्यांत ते असतात. थर नीट उतरला की मग एकमेकांकडे बघून म्हणतात, "चला, आपला नंबर." हाकाला दिलेल्या इतक्या उत्तरांत याच्या तोडीचं मला एकच दिसतं. २०१६ मध्ये शिकागोला आयर्लंडचे खेळाडू इंग्रजी आठाच्या आकड्याच्या आकारात उभे राहिले, नुकत्याच वारलेल्या अँथनी फोलीसाठी. तो मन्स्टरकडून आठ नंबरचा शर्ट घालून खेळायचा. समोर हाका चालला होता आणि ते आपल्या माणसाची आठवण काढत होते. त्या दिवशी आयर्लंडने न्यूझीलंडला ४०-२९ असं हरवलं, १११ वर्षांत पहिल्यांदा.

टी-शर्टवरून आठवलं. २००७ च्या विश्वचषकात फ्रान्सचे खेळाडू हाकासमोर निळे, पांढरे, तांबडे टी-शर्ट घालून आले आणि ओळीत उभे राहून त्यांनी आपला झेंडाच केला. न्यूझीलंडपासून हातभर अंतरावर येऊन बघत राहिले आणि सामना २०-१८ असा जिंकले. टी-शर्ट वाटायची कल्पना आमच्या पथकांकडे फार जुनी आहे. फरक एवढाच की फ्रान्सच्या टी-शर्टवर पुढे-मागे कुठल्याच साहेबांचा फोटो नव्हता, म्हणून रंग नीट दिसले.

आता माझं सगळ्यांत आवडतं उत्तर. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड कॅम्पीसी. १९९१ च्या विश्वचषकाचा उपान्त्य सामना, डब्लिन. न्यूझीलंडचा हाका चालू आहे, ऑस्ट्रेलियाचे बाकीचे खेळाडू रीतसर उभे आहेत, आणि कॅम्पीसी लांब आपल्या टोकाला एकटाच चेंडूला लाथा मारत सराव करतोय. त्याला बघायचंच नव्हतं. नंतर त्याने स्वतः गुण केले, दुसऱ्याला करून दिले आणि ऑस्ट्रेलिया १६-६ असं जिंकलं. न्यूझीलंडमध्ये याला उद्धटपणा म्हणतात. आमच्याकडे याला रोजचा प्रवास म्हणतात.

सकाळच्या गाडीतलं भजनी मंडळ घ्या. टाळ, ढोलकी, टिपेचा सूर, डब्यात बोट शिरकवायला जागा नाही. आणि बरोबर त्या टाळांच्या खाली एक गृहस्थ खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतात. ते झोपेचं सोंग घेत नसतात, खरोखर झोपलेले असतात. गजर टिपेला जातो, ते हलत नाहीत. भजन संपून खडीसाखर फिरू लागली की मात्र डोळे न उघडता त्यांचा उजवा हात वर येतो. कॅम्पीसीनेही एवढी मजल मारली नव्हती.

किंवा डोंबिवलीचा फास्टचा फलाट घ्या. कर्जत नाहीतर कसाऱ्याहून भरून आलेली गाडी फलाटात शिरते. दारात लोंबकळणारे पत्रा बडवतात, शिट्ट्या मारतात, "मागची बघा, मागची!" असं ओरडतात. हा हाकाच आहे. हेतूही तोच, समोरच्याने चढायचा विचार सोडावा. फलाटावरचे लोक याला उत्तर म्हणून काय करतात? राष्ट्रगीत म्हणत नाहीत, आठाच्या आकारात उभे राहत नाहीत. पाठीवरची सॅक पोटावर घेतात. चष्मा काढून खिशात ठेवतात. मोबाइल आतल्या खिशात जातो. चपलेचा अंगठा एकदा पायाने चाचपून बघतात. चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. बायकांच्या डब्यासमोर याच वेळी ओढणीला गाठ बसते आणि केसांना चाप. गाडी थांबते जेमतेम अर्धं मिनिट, म्हणजे हाकाचा एक तृतीयांश हिस्सा. तेवढ्यात समोर नाक, छाती, कोपर जे येईल त्याला भिडून माणसं आत गेलेली असतात, आणि कुणाला एक पैसा दंड होत नाही. पुढे दिवा येईपर्यंत मघाचा दारातला शत्रू "जरा सरकून घ्या हो" म्हणत आपल्याच माणसाला चौथी सीट मिळवून देत असतो. बायकांच्या डब्यात तोवर एकीच्या डब्यातली मटार उसळ चौघींनी चाखून झालेली असते.

दंडावरून सांगतो. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ऑकलंडला, फ्रान्स हाकासमोर बाणाच्या आकारात पुढे सरकलं आणि मध्यरेषा ओलांडून गेलं. सामना ७-८ असा एका गुणाने गेला आणि वर २,५०० पौंड दंड बसला. २०१९ मध्ये योकोहामाला उपान्त्य सामन्यात इंग्लंडने इंग्रजी व्ही आकार करून न्यूझीलंडला दोन्ही बाजूंनी वेढलं. कप्तान ओवेन फॅरेल मिस्कील हसत उभा होता, आणि हा मघाचा मार्लर रेषेच्या बराच पुढे जाऊन उभा होता. इंग्लंडला दंड झाला २,००० पौंड. आठ वर्षांत जगातली प्रत्येक गोष्ट महागली, हाकाचा अपमान तेवढा स्वस्त झाला.

काकांना मी ही सगळी यादी ऐकवली. गाऊन जिंकले, चालून जाऊन हरले, टक लावून हरले, टी-शर्ट घालून जिंकले, पाठ फिरवून जिंकले, बाण करून एका गुणाने हरले. काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे नाचाचा आणि निकालाचा संबंध नाही. मग आठवडाभर तालीम कसली करतात हे?" मी म्हटलं, इंग्लंडच्या त्या व्ही आकाराची खरोखरच आधी ठरवून तयारी झाली होती, आणि इंग्लंड जिंकलंही, १९-७. काकांनी विचारलं, "मग विश्वचषक त्यांनाच मिळाला का?"

नाही मिळाला. पुढच्याच शनिवारी अंतिम सामन्यात इंग्लंड १२-३२ असं हरलं. दक्षिण आफ्रिकेकडून. दक्षिण आफ्रिका सामन्याआधी नाचत नाही.